शेपटीवरचा वाकडा के

…आणि वर हा मनुष्य माझ्याच तोंडाकडे बघून मला विचारतो, ‘फोटो आहे का?’

आता तुम्हीच सांगा, एखाद्यानं सांगितलं की माझ्या लग्नात पाऊस पडला होता, तर तुम्ही त्याच्याकडे पावसाचा फोटो मागाल का? मी म्हटलं, अहो टॉली, हे विमान मी रंगवलंय. तर म्हणे, ते कळतंय, खाली तुमचं नाव आहे. म्हटलं, हे हातभर प्लास्टिकचं नाही हो, ते खरं, साठ फुटांचं, ज्यात माणसं बसून आकाशात जात होती ते, ते मी माझ्या या दोन हातांनी रंगवलंय. त्यावर त्यानं डोळ्याचं भिंग जरासं वर केलं, माझ्या हातांकडे बघितलं, जणू हातच खोटे लावलेत, आणि अगदी शांतपणे… काय सांगत होतो मी तुम्हाला? ‘फोटो आहे का?’

पण असं मधूनच सांगून तुम्हाला काही कळायचं नाही. मी क्लाइव्ह ग्रिमवुड, वय एकाहत्तर, बावीस वर्षं हवाई दलात होतो. हवाई दल म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात, आणि मी रंगारी होतो म्हटलं की तेच डोळे हळूच सँडविचच्या ताटाकडे वळतात. असू दे. विमानं काय कारखान्यातून येतात तशीच राहतात वाटतं तुम्हाला? ऊन, पाऊस, तेल, आणि बूट घालून पंखावरून फिरणारे वैमानिक… रंगवतो कोण? आम्ही. मी आणि ग्विलिम.

ग्विलिम वेल्सचा, स्वान्सीकडचा. शहात्तर साली आम्ही दोघं जर्मनीतल्या तळावर होतो. सोमवारी कुणी मोठा साहेब पाहणीला येणार म्हणून एक फँटम विमान चकचकीत करायचं होतं. त्याचं शेपटीचं सुकाणू दुसऱ्याच विमानाचं काढून लावलेलं, त्यामुळे त्याचा हिरवा बाकीच्या हिरव्यापेक्षा फिकट. ते राहू दे, वरून सांगितलं, रंग कमी आहे. उरलं काय, तर शेपटीवर दोन्ही बाजूंना एकेक ‘के’, इंग्रजी अक्षर, त्या विमानाची खूण. उजवीकडचा मी शुक्रवारी स्टेन्सिल ठेवून काढला, सरळ, खांबासारखा. शनिवारी ती स्टेन्सिल शेजारच्या तुकडीनं उसनी नेली आणि वाकवून परत दिली. मी म्हटलं, ग्विलिम, सरळ करून घेऊ. तो म्हणाला, ‘के मध्ये आहे काय, तीन तर रेघा.’ त्यात त्याची दाढ ठणकत होती, गाल पावासारखा सुजलेला, तशातच शिडीवर चढला आणि डावीकडचा के नुसत्या हातानं काढला. तो के असा निघाला… कसं सांगू, चौथा ग्लास संपवून बारच्या काउंटरला रेलून उभा असलेला माणूस बघितलाय? तसा.

सार्जंट मॅकऑली आला, मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिला, आणि विचारलं, हे कुणी केलं? ग्विलिम गप्प. मी पण गप्प. मग आठवडाभर दोघंही विमानांच्या पोटाखाली तेल गळतं त्या परातींमध्ये हात घालून. पुसून परत काढायला वेळ नव्हता, विमान तसंच उडालं, आणि दीड वर्ष सगळा तळ त्याला ‘झिंगलेला के’ म्हणत होता.

तर हा ग्विलिम, आमचं पन्नास वर्षांचं गूळपीठ, दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत गेला. चर्चमध्ये पाद्री त्याच्याबद्दल दोन गोष्टी बोलला. म्हणे बागकामाची फार आवड, आणि म्हणे वेळेचा पक्का. दोन्ही साफ खोटं. त्या के बद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. परत येताना गाडीत मी बेरिलला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटलं, मी ते विमान करणार. ती म्हणाली, ‘कर. पण जेवणाच्या टेबलावर नाही.’

जेवणाच्या टेबलावरच केलं. आठ महिने लागले. तुम्हाला वाटेल प्लास्टिकचं विमान म्हणजे काय, खोक्यातून काढलं आणि चिकटवलं. एकशे चाळीस भाग, त्यातले तीस असे की शिंक आली तर गेले. आणि खोक्यावरच्या चित्रात विमान ढगांतून झेपावतंय, आत मात्र दोन पंखांच्या मधल्या फटीत नखं कापायची कात्री मावेल. ती फट भरा, घासा, परत भरा, परत घासा. वैमानिकाच्या खुर्चीची मूठ चिमट्यातून सुटली आणि गालिच्यावर पडली. मी दोन दिवस टॉर्च घेऊन चार पायांवर. बेरिलनं विचारलं, काय शोधतोयस? म्हटलं, मूठ. केवढी? खसखशीच्या दाण्याएवढी. रंग? गालिच्याचाच. ती पाय वर घेऊन बसली. शेवटी केर ओढायच्या मशीनची पिशवी वर्तमानपत्रावर उलटी केली, तर त्यात पंधरा वर्षांपूर्वी हरवलेलं तिच्या कोटाचं बटण सापडलं. मूठ नाही ती नाहीच.

आणि तो के! बावीस वर्षं सरळ अक्षरं काढलेला हात, तो वाकडं काढायला तयारच होईना. अकरा वेळा काढला, अकरा वेळा पुसला. एकदा फारच झुकला, एकदा नुसताच दमल्यासारखा दिसला. ग्विलिमनं सुजलेल्या गालानं एका झटक्यात केलं ते मला भिंग लावून जमेना. बाराव्या वेळी जमला. जमला म्हणजे काय, मी खुर्चीत मागे टेकलो आणि मला हसूच आलं. तोच. तस्सा.

नोव्हेंबरात आमच्या स्लीफर्डच्या मॉडेल क्लबची स्पर्धा असते, चॅपलमागच्या हॉलमध्ये. परीक्षक एड्रियन टॉली. या टॉलीनं आयुष्यभर नगरपालिकेत बसून लोकांच्या बांधकामाच्या परवानग्या नाकारल्या, आता निवृत्त होऊन आमची विमानं नाकारतो. खऱ्या विमानाला त्यानं हात लावलाय तो फक्त सुट्टीला स्पेनला जाताना, जिना चढता चढता. पण घरी तीन भिंती भरून पुस्तकं, आणि कुठल्या तुकडीच्या कुठल्या विमानावर किती खिळे होते ते सगळं पाठ. माझ्या विमानापाशी आला, छोटा टॉर्च लावला, आणि वहीत लिहिता लिहिता बोलायला लागला, एकदम थंड आवाजात. ‘डावीकडचं अक्षर उभं नाही. वजा तीन. सुकाणूचा हिरवा वेगळा आहे, रंग संपला होता का? वजा दोन.’

म्हटलं, हो, संपला होता. शहात्तर साली. आणि सगळं सांगितलं, स्टेन्सिल, दाढ, सार्जंट, परात, सगळं. मागे चहासाठी रांग होती, ती पण ऐकायला लागली. टॉलीनं पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि मग तेच. फोटो आहे का?

म्हटलं, माझी आठवण आहे. तो म्हणाला, ‘आठवणीला गुण देता येत नाहीत, ग्रिमवुड. उद्या कुणीही काहीही आठवेल.’

मला काय मिळालं माहितीये? ‘प्रशंसनीय प्रयत्न’ असं छापलेलं कार्ड. गेल्या वर्षी हे कार्ड ज्यानं पंख उलटे चिकटवले होते त्याला दिलं होतं.

बरं, घरी तरी शांतता? दूध आणलं का, आणलं, मग फ्रीजमध्ये का नाही, अगं आणलंय, ‘फोटो आहे का?’ बायको हो, माझी बायको.

पण फोटो होता. तळावर, पाहणीच्या आदल्या रविवारी काढलेला, ग्विलिमच्या कॅमेऱ्यानं, आणि काढला होता मीच. तो एलुनेडकडे असणार, म्हणजे ग्विलिमच्या बायकोकडे. फोन केला, सहा तास गाडी चालवत गेलो. तिनं चहा केला, तव्यावरचे बेदाणे घातलेले केक केले, आणि म्हणाली, तो काय, समोरच आहे. कपाटावर, चौकटीत. पन्नास वर्षांत सगळं नारिंगी पडलेलं. शिडीवर ग्विलिम, हातात ब्रश, सुजलेला गाल पलीकडे वळवलेला. मागे ती प्रचंड शेपटी, फिकट सुकाणू अगदी स्पष्ट. आणि के…

के वर ग्विलिमचं डोकं.

एवढी मोठी शेपटी, त्यावर डोकं ठेवायला याला जागा सापडली ती नेमकी तिथे. आणि तुम्हाला सांगतो, त्याला तिथे सरकवलं कुणी ते मला लख्ख आठवतंय. मीच म्हटलं होतं, ‘ग्विलिम, जरा डावीकडे हो, तोंडावर ऊन येऊ दे.’

एलुनेड म्हणाली, ‘काय देखणा दिसतोय ना?’ म्हटलं, फार. तिनं आपणहून फोटो चौकटीतून काढून दिला. म्हणाली, ‘जपून परत आण.’ म्हटलं, आणतो, आणि सोबत विमानही आणतो, तुलाच द्यायचंय ते. निघताना बघितलं तर रिकामी चौकट तिनं परत जागेवर ठेवली होती.

टॉलीनं फोटो वीस मिनिटं बघितला. कानाखालून के चा एक पाय बाहेर डोकावत होता, मी तो दाखवला. तो म्हणाला, ‘हा पाय आर चाही असू शकतो.’ म्हटलं, अहो, तुमच्याच पुस्तकात के लिहिलंय. ‘अक्षर के आहे हे मला मान्यच आहे. वाकडं आहे हे यात कुठे दिसतं?’ मग भिंग सुकाणूवर नेलं, आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते मी बारा वर्षांत बघितलं नव्हतं. आनंद. ‘सुकाणू फिकट आहे खरं. हे कुठल्याच पुस्तकात नाही. याची प्रत काढून घेऊ का?’ मी मूर्ख, मला वाटलं आता हा माझे दोन गुण परत देईल. म्हटलं, घ्या ना.

पुढच्या नोव्हेंबरात हॉलमध्ये शिरलो, तर मधल्या टेबलावर फँटम. टॉलीचं. या खेपेला तो परीक्षक नव्हता, स्पर्धक होता. सुकाणू फिकट, अगदी हवं तेवढंच. आणि डावीकडचा के सरळ, पट्टीनं मापून काढलेला. शेजारी ग्विलिम, मोठा करून चौकटीत, खाली लिहिलेलं, ‘एड्रियन टॉली यांच्या संग्रहातून’. सुवर्णपदक. नव्या परीक्षकांनी लिहिलं होतं, अभ्यास किती खोल आहे बघा. शेजारी क्लबातला एक नवा सभासद उभा होता, सज्जन माणूस, त्याला मी म्हटलं, हा के वाकडा होता हो. तो अगदी अदबीनं म्हणाला, ‘अच्छा? फोटो आहे का?’ मी बोट दाखवलं. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, ‘यात तर तो माणूस मध्ये आलाय.’

भांडलो नाही. काय भांडणार? पुढच्याच रविवारी विमान खोक्यात कापूस घालून ठेवलं, फोटो पाकिटात, आणि परत सहा तास.

एलुनेडनं आधी फोटो चौकटीत बसवला. मग मी खोकं उघडलं. तिनं विमान दोन्ही हातांत घेतलं, डावी बाजू वळवली, आणि तोंडावर हात ठेवला. डोळे भरून आले तिचे. म्हणाली, ‘अगं बाई, तो के.’ तुम्हाला सांगतो, दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बघितल्याबरोबर ओळखलं. म्हटलं, हो एलुनेड, तोच.

‘तुझा के,’ ती म्हणाली.

म्हटलं, माझा?

‘दर नाताळला सांगायचा तो. क्लाइव्हची दाढ दुखत होती, गाल एवढा सुजलेला, नको म्हणत असताना स्टेन्सिलशिवाय चढला आणि के वाकडा काढला. सार्जंटनं विचारलं तर मी काही बोललो नाही म्हणे, मित्राचं नाव कसं सांगणार, आठवडाभर तेलात हात घातले. शेवटच्या आजारपणातसुद्धा नर्सला सांगून हसत होता.’

मी फोटोकडे बघितलं. म्हटलं, पण हातात ब्रश…

‘तुझाच ना. फोटोपुरता मागून घेतलेला.’ आणि तिनं चौकटीच्या काचेवरून अंगठा फिरवला. ‘असा होता बघ तो. स्वतः भोगलं, पण तुझं नाव नाही सांगितलं.’

मी तोंड उघडलं. सांगणार होतो, सगळं सांगणार होतो. गाल पलीकडे का वळवलाय बघ, म्हणणार होतो. आणि तिचा अंगठा अजून काचेवरच होता. काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी माझीच दाढ ठणकायला लागली.

म्हटलं, हो गं. हात हलला माझा.

तिनं माझ्या हातावर थोपटलं. ‘अरे, पन्नास वर्षं झाली त्याला.’ मग विमान कपाटावर ठेवलं, फोटोच्या शेजारी, दोन पावलं मागे सरून बघितलं, परत पुढे आली, आणि हळूच डावी बाजू भिंतीकडे फिरवली. ‘पाहुणे येतात,’ म्हणाली, ‘उगाच कुणी हसायला नको तुला.’

मी आणखी एक केक खाल्ला आणि निघालो. घरी आलो तर बेरिलनं विचारलं, आवडलं का तिला?

म्हटलं, फार आवडलं. उजवी बाजू.