वयाला हात लावायचा नाही

तपासणीआधीचे थेंब डोळ्यांत घालून शिंपीणबाईंना दवाखान्याच्या बाकावर बसवलं होतं. डोळे मिटलेले, त्यामुळे शेजारच्या मायलेकींचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं.

"मग प्राध्यापकबाई, नव्या पोरांना आज काय शिकवलंत?"

"आई, आमच्या संगणकाच्या भाषेत एकदा लिहिलेलं बदलता येत नाही, हे शिकवलं. वय अठरा लिहिलं की ते अठराच."

"आणि वाढदिवस आला की?"

"जुन्या नोंदीवरून नवी नोंद करायची, तिच्यात एकोणीस. जुनीला हात लावायचा नाही."

"एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?"

"मागून कुणी गुपचूप बदललं, ही भानगडच उरत नाही. पण पोरं कुरकुरतात. विभागप्रमुख म्हणाले, कुणाच्याच डोक्यात शिरत नसेल तर पुढच्या वर्षी ही भाषा बंद."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? तोंड पाडून घरी आले."

"वेडी कुठली."

तेवढ्यात सिस्टर आल्या.

"आजी, तुमचं वय?"

"अठ्ठावन्न."

"आई, अगं…"

"आजी, गेल्या खेपेलाही अठ्ठावन्नच सांगितलं होतंत. त्याआधीही."

"मग बरोबरच आहे. लिहिलेल्याला हात लावायचा नाही. तुम्हाला हवी तर नवी नोंद करा, तिच्यात काय ते लिहा. आणि तू गं, एकीच्या तरी डोक्यात शिरलं म्हणून सांग तुझ्या विभागप्रमुखांना."

सिस्टर पुढे सरकल्या.

"ताई, तुमचं वय?"

शिंपीणबाई मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "गेल्या खेपेला सांगितलं तेच. आणि मॅडम, एकीच्या नाही, दोघींच्या म्हणून सांगा."