शनिवारी गाडी चालू व्हायला हवी

हॅलो?… हां, चंदाताई, बोला. थांबा, स्पीकरवर टाकते, हात काळे झालेत माझे… हं, आता बोला.

…खाली आहे, पार्किंगमध्ये. गाडीचं बॉनेट उघडलंय… नाही, मेकॅनिक नाही. मीच… हो, मीच करतेय दुरुस्ती.

…अहो, परवापासून बंदच आहे ती. गुरुवारी ह्यांना डायलिसिसला न्यायला निघालो, तर स्टार्टर नुसता फिरतोय, इंजिन उचलतच नाही. परेश येऊन गेला ना, आपला मेकॅनिक. त्याने मशीन लावलं आणि म्हणाला, क्रँक सेन्सर गेलाय… सेन्सर हो, अंगठ्याएवढा असतो. इंजिन फिरतंय हे तो गाडीला सांगतो. त्याने सांगितलं नाही तर पेट्रोल पडत नाही, ठिणगी पडत नाही.

…परेश गावाला गेलाय, त्याचे सासरे वारले. सोमवारी येणार. फोनवर म्हणाला, वहिनी, एकच बोल्ट आहे दहा नंबरचा, तुम्हीसुद्धा कराल. काल जाऊन सेन्सर आणला मी.

…हे? वर आहेत. ह्यांना कसं जमेल, हात थरथरतात… विचारलं ना. तीस वर्षं डेपोत इंजिनं उघडली त्यांनी, त्यांना नाही विचारणार तर कोणाला? म्हणाले, घरी व्हायचं काम नाही ते, तू हात लावू नकोस.

…सोमवारपर्यंत कसं थांबणार, ताई? मंगळवारनंतर डायलिसिस झालेलं नाही. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. आडवं झालं की दम लागतो, उशांना टेकून बसूनच असतात.

…बोलावली होती ना टॅक्सी. गुरुवारी दारात उभी होती. म्हणाले, परक्या गाडीत मळमळतं, नाही येत. परत पाठवली. रिक्षाचं तर नावच काढू देत नाहीत. तुमचाच भाऊ, तुम्हाला काय सांगायचं.

…नाही, आज सोडत नाही त्यांना. साडेअकराचा नंबर आहे कामोठ्याच्या हॉस्पिटलात. आत्ता दहा वाजून गेलेत. बोला तुम्ही, मी काम करत ऐकते.

…बॅटरीची तार काढलीय, परेशने आधी तेच सांगितलं. फिल्टरचा डबा बाजूला ठेवलाय. आता खाली गिअरबॉक्सपाशी हात घालायचा… दिसत नाही हो, चाचपायचं नुसतं… हां, लागला बोल्ट. घट्ट आहे… एक मिनिट बोलू नका.

…सुटला. आता सेन्सर ओढते. त्याची वायर वर प्लगपर्यंत येते, म्हणजे ती…

…ताई.

…नाही, लागलं नाही मला. वीतभर वायर आली आणि संपली. तुटलीय.

…उंदीर नाही. उंदराने कुरतडली तर चोथा होतो. ही कापलीय, सरळ, कटरने कापल्यासारखी. आणि दुसरं टोक पाइपाच्या मागे नीट खोचून ठेवलंय.

…सोसायटीतलं कोणी कशाला कापेल? इथे तारेपर्यंत हात कसा पोचतो, हे तरी कोणाला ठाऊक आहे?

…ताई, बुधवारी दुपारी हे खाली आले होते. एकटे, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. म्हणाले, गाडीवर धूळ बसलीय, फडकं मारून येतो. मला इतकं बरं वाटलं. चहा टाकला मी. पाऊण तासाने आले ते घामाने निथळत, चहाही घेतला नाही. मी म्हटलं, कशाला एवढं पुसत बसायचं.

…हो. तेच म्हणतेय मी.

…राग? माहीत नाही. खालीच बसलेय टायरपाशी.

…नाही, मला कधी बोलले नाहीत. म्हणजे… बोलले होते एकदा. गणपतीत. म्हणाले, वसू, चार वर्षं झाली, आता पुरे कर. मी म्हटलं, सणासुदीचं असलं बोलायचं नाही. मोदकांची उकड काढत होते मी, मान वर करून बघितलंही नाही त्यांच्याकडे. परत कधी विषय काढला नाही त्यांनी. मला वाटलं, मनातून गेलं.

…थांबा, लिफ्ट आली. हेच आहेत. भिंतीला धरून येतायत… नाही, ठेवू नका तुम्ही. लाइनवर राहा.

अहो, तिथेच बसा, वॉचमनच्या खुर्चीवर… चंदाताई आहेत फोनवर… हो, काढला मी तो. हा बघा. तुम्ही कापलीत ना वायर?



…मग मला सांगायचं होतंत… हो, बरोबर. मी ऐकलं नसतं. पण म्हणून हे? माझ्यासमोर गुदमरला असतात तुम्ही, आणि मी परेशची वाट बघत बसले असते. जन्मभर त्या सेन्सरला बोल लावला असता मी.

…काय?… सावकाश बोला.

…ताई, ऐकू आलं का तुम्हाला? म्हणतात, तेच हवं होतं. गाडी बंद पडली म्हटल्यावर कोणाचा दोष नाही. तुझाही नाही.

…ताई रडतायत, ऐका.

…आता माझं ऐका. आज चला… नाही, पुरतं ऐकून घ्या. एक वाक्य बोलताना तीनदा थांबताय तुम्ही. अशा अवस्थेत मी काही ठरवू देणार नाही. आज अंगातलं पाणी निघू दे. ताई येतील संध्याकाळी. आपल्या लेकीला, ऋचालाही बोलावून घेऊ. मग सगळे डॉक्टरांसमोर बसू. तेव्हाही तुम्ही पुरे म्हणालात…

…तर पुरे.

…हो, शब्द देते… रडणार नाही असं नाही म्हणत मी. रडेन. पण अडवणार नाही. तुमची बहीण ऐकतेय.

…थांबा, आधी हा बसवते… नवा, हो, ह्याची वायर अख्खी आहे. असा?… मग कसा, उलटा?… खाच वरच्या अंगाला. बरं… गेला आत. बोल्ट… हातानेच आधी, हं… जास्त आवळू नको, बरं.

ताई, आहात ना?… हेच सांगतायत आता. खुर्ची ओढून जवळ आलेत.

…प्लग लागला. डबा बसला. बॅटरीची तार… झालं. चावी फिरवते.

…ऐकलंत? हो, पहिल्याच झटक्याला.

…नाही ताई, बरं कसं वाटेल?

…तुम्ही निघा आता. रोह्याहून दुपारची एसटी मिळाली तर पाचपर्यंत पोचाल. ऋचाला मी फोन करते हॉस्पिटलमधून. तुम्ही काही सांगू नका, माझ्याकडूनच कळू दे.

…शब्द दिला हे चुकलं माझं? मग काय कबूल करायला हवं होतं मी? सांगा ना. चार वर्षं आठवड्यातून तीनदा नेतेय मी त्यांना. ते येत होते ते माझ्यासाठी येत होते, हे आज कळतंय.



…अहो, पट्टा लावा… राहू दे, मी लावते. हा हात नको, हा सुया टोचायचा. तो दुसरा वर घ्या.

…हे ना? डोळे मिटून बसलेत… श्वास चालू आहे, हो, ऐकू येतोय मला.

निघते मी. कळंबोलीच्या सर्कलला आत्ता ट्रक असतील… हो, सावकाशच नेईन. ठेवते.