दोन कुलपांची पेटी

श्रीपादराव : पेटीला कितीही धक्के मारलेत, तरी ती उघडणार नाही, कुंडलिकराव. कुलपे मी स्वतः बसवली आहेत.

कुंडलिक : आवो तात्या, वांग्याला अळी पडलीया! माझाच औषधाचा डबा, आन तुमच्या पडवीत कोंडलाय. साऱ्या वरकुटं गावाचं विख हितं आणून ठिवलंय तुमी.

श्रीपादराव : त्यासाठीच तर पेटी केली. हे पाहा, माझे कुलूप उघडले. दुसऱ्याची किल्ली तुमच्या वहिनींकडे असते.

कुंडलिक : रंगूवयनीकडं? दुसरं माणूस घावलं न्हाय व्हय?

श्रीपादराव : ज्यांच्यापुढे सारे गाव सरळ चालते, अशा त्या एकट्याच.

कुंडलिक : पूर्वी वांग्यावर राख मारत हुतो. तवा राखंला कुणी कुलूप लावलं न्हाय.

श्रीपादराव : राखेने कुणाचा जीव जात नव्हता. उभा जन्म मी कारखान्यात बॉयलर सांभाळले. वाफ चढली की काट्यावर नजर ठेवून धीर धरायचा. काटा खाली येतोच. माणसाचेही तसेच, असे डॉक्टर सांगत होते. तेवढ्या घटकेला डबा हाताशी नसावा.

कुंडलिक : माझा काटा कवाच खाली आलाय.

श्रीपादराव : मग वहिनींशी अबोला कशाला?

कुंडलिक : तुमाला ठावं हाय की. माझी कारभारीण प्रयागा गेली, घर खायाला उठलं... डबा हातात घेतला हुता म्या. वयनीनं बघितलं, हिसकावून नेला. तवापास्नं तिच्याम्होरं मान वर हुईना.

श्रीपादराव : तर मग वांगी अळ्यांसकट बारामतीला न्या. सारा बाजार तुमची आठवण काढील.

कुंडलिक : चेष्टा सुचतीया तुमाला!

श्रीपादराव : गंभीर चेहऱ्याने बोलणारे तुम्हाला पुष्कळ भेटले असतील. मी म्हटले, आपण वेगळे काही करावे.

(रंगूबाई पडवीची पायरी चढते.)

रंगूबाई : भावजी, तुमची वांगी बघून आले. अळ्यांनी चांगलं बाळसं धरलंय. बारसं कवा घालताय?

(कुंडलिक पेटीकडे तोंड फिरवतो.)

रंगूबाई : तात्या, ह्यास्नी इचारा, किल्ली पायजे का.

श्रीपादराव : क्षमा करा. दोन पावलांच्या अंतरावर निरोप पोहोचवण्याचे शिक्षण मला मिळालेले नाही.

कुंडलिक : वयनी... किल्ली द्या.

रंगूबाई : आरं देवा, वाचा फुटली! देते. पर औषध तात्या कालवत्याल, पंप तुमी मारायचा, आन डबा मी माघारी आणनार.

कुंडलिक : आणा. ...वयनी, त्या दिशी तुमाला काय वाटलं आसंल?

रंगूबाई : काय वाटायचं? लई भ्याले मी. राग न्हवता, भावजी.

कुंडलिक : आन पुन्यांदा तसं मनात आलं तर?

रंगूबाई : तर माझं दार वाजवा. कवाबी वाजवा. शिव्या घालीन, पर दार उघडीन.