टेकाडावरचा धूर

मंडळी, मागच्या पडवीत उभे आहात ते जरा आत या. झड आत येतेय, भिजाल. सरका, सरका. आयाबायांना भिंतीकडं टेकायला जागा द्या.

जमलेल्या आयाबायांनो, भावांनो, आणि पुण्याहून एवढ्या पावसात घाट रस्त्यानं आलेल्या सिस्टर मंडळींनो,

छत्तीस वर्षं मी बोलण्याचीच नोकरी केली. गुरुजींना कोणी सांगितलं की चार शब्द बोला, तर चाळीस बोलायचे अशी माझी ख्याती. पण आज समोर सिस्टर मोनिकांचा फोटो आहे, एका बाजूला समई आहे, एका बाजूला मेणबत्ती, मधे कोणीतरी तेरड्याची फुलं ठेवली आहेत, म्हणून पाल्हाळ नको असं ठरवलं होतं. काल बसून चार पानं लिहिली होती. छान लिहिली होती. मघाशी दारात ठमाबाई भेटली. माझ्या हातातला कागद बघून म्हणाली, "गुरुजी, कागुद वाचू नगा. तुमच्या कागदावर माझा भरोसा न्हाई." तुमच्यातले काही जण हसले. का हसले ते त्यांना माहीत आहे. ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठीच आज बोलायचं आहे. कागद खिशात ठेवला.

सिस्टर मोनिका गेल्या सोमवारी पुण्याच्या दवाखान्यात वारल्या. मूळच्या वसईकडच्या. कॅथलिक जोगिणी. जोगिणी हा शब्द माझा नाही, आपल्या म्हाताऱ्या माणसांचा. घरदार सोडून देवाच्या नावानं निघालेली बाई, तिला दुसरं काय म्हणणार? पुढं सगळे शिस्टरबाई म्हणू लागले. त्यांची संस्था दरसाल एक वाडी निवडते. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडची, डोंगरातली. त्या वाडीत सगळ्यांत गरीब घरं शोधायची. त्या घरांना शेळी द्यायची, भाताचं बियाणं द्यायचं, खाचरांचे फुटलेले बांध त्यांच्याच हातांनी, मजुरी देऊन, बांधून घ्यायचे. पुढच्या साली दुसरी वाडी. असं वर्षानुवर्षं. ढोल नाही, पाटी नाही.

आणि शेळीचा एक नेम. शेळी व्याली की पहिली पाट, म्हणजे मादी पिल्लू, आपली नाही. ती दुसऱ्या घराची. कपाळाला कुंकू लावून नेऊन द्यायची. म्हणजे घेणारा एका वर्षात देणारा होतो. कोणासमोर मान खाली घालायला नको.

सुरुवातीला गावात कुजबुज झाली. झाली, खोटं कशाला बोला? "फुकाट कोन देतंय राव? उद्या देव बदलायला लावतील." एका म्हाताऱ्यानं तर ग्रामसभेत तोंडावर विचारलं, "बाई, शेळी घेतली तर आमच्या खंडोबाचं काय?" सिस्टर म्हणाल्या, "बाबा, खंडोबाला मी काय सांगणार? शेळीला मात्र रोज पाला लागतो, तो तुम्हालाच आणावा लागेल." सभा अशी हसली की विषयच संपला. पुन्हा कोणी काढला नाही, आणि त्यांनी तर कधीच काढला नाही.

आपले मंचरचे शेठ समोर बसलेत. शेठ, सांगू का? सांगतो. सिस्टर मदत मागायला यांच्या दुकानात गेल्या. शेठ हात जोडून म्हणाले, "बाई, घोंगड्या घ्या, बियाणं घ्या. पण शेळीत मला ओढू नका. बोकड झाला तर त्याचं पुढं काय होतं ते मला माहितीय. आम्ही जैन माणसं." सिस्टर म्हणाल्या, "मग शेठ, तुम्ही पाटीपुरतं द्या. बोकडाचं पाप मी गुरुजींच्या नावावर घालते." तेव्हापासून बोकडांचा सगळा भार माझ्या डोक्यावर आहे.

हसा मंडळी. त्यांना चालेल.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो.

पहिल्या साली संस्थेनं आपली वाडी निवडली. सिस्टर शाळेत आल्या. साधी फिकट साडी, पायात रबरी चपला, खांद्याला पिशवी. म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही इथले जाणते. गरीब घरांची यादी द्याल?" मी म्हणालो, "त्यात काय अवघड? आत्ता देतो." आणि मी काय केलं? कपाटातून शाळेचा हजेरीपट काढला. कोणाच्या अंगावर फाटका सदरा, कोण पाटी-पेन्सिल आणत नाही, कोण दुपारचं जेवायलाच शाळेत येतो, सगळं मला तोंडपाठ. पटावर बोट फिरवत गेलो आणि सुवाच्य अक्षरात यादी लिहून दिली. पाचेक मिनिटं लागली असतील. वर ऐटीत म्हणालो, "सिस्टर, या वाडीतलं एक घर माझ्या नजरेतून सुटायचं नाही."

त्यांनी यादी वाचली. घडी घालून पिशवीत ठेवली. मग खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "गुरुजी, त्या टेकाडावर धूर कसला?"

मंडळी, ती खिडकी तुम्हाला माहीत आहे. वर्गाची पश्चिमेची. मी मूळचा मंचरकडचा, सपाटीचा माणूस. इथं बदली झाली तेव्हा मन लागायचं नाही. त्या खिडकीनं मला इथं धरून ठेवलं. श्रावणात टेकाड हिरवंगार, वर ढग टेकलेले, आणि त्यातून निघालेली एक बारीक निळी रेघ. धुराची. सकाळी दिसे, दुपारी दिसे, शाळा सुटताना दिसे. मुलांना कविता शिकवताना मी त्या रेघेकडं बघायचो. पुस्तकात गरिबाच्या झोपडीवर एखादी कविता आली की मी डोळे पुसायचो, मुलं एकमेकांना कोपरानं ढोसायची, "बघ, गुरुजी रडत्यात." आणि सांगायला लाज वाटते, पण त्या धुरावर मी स्वतः कविता केली होती. चाल लावली होती. मुलांकडून पाठ करून घेतली होती. कोणीतरी माउली सदा चुलीपाशी बसली आहे, सदा काही रांधते आहे, तिचं घर भरलेलं आहे, असं काहीसं. ती कविता मी सिस्टरना म्हणून दाखवली. चालीवर.

त्यांनी ऐकून घेतली. "छान आहे," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "या घरातली मुलं कितवीत आहेत?"

मी पट उघडला. वरून खाली पाहिला. खालून वर पाहिला.

त्या घराचं नाव पटावर नव्हतंच.

"चला," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "चिखल आहे, सिस्टर." त्या म्हणाल्या, "चपला हातात घेऊ." मंडळी, शाळेपासून ते घर पंधरा मिनिटांच्या चढणीवर. मी अकरा वर्षं त्या शाळेत होतो. पंधरा मिनिटं. एकदाही गेलो नव्हतो.

कुडाचं घर. दारात ही ठमाबाई. नवरा सर्पदंशानं गेलेला. दोन मुली रानात गेलेल्या. आत चुलीवर मोठं मडकं, खाली ओली लाकडं, आणि धूर, धूर, धूर. मला डोळे उघडता येईनात. मी बाहेरूनच बोललो, "वा, स्वयंपाक जोरात आहे की!"

ठमाबाई, मी तसंच बोललो ना? मान हलवतेय बघा. पंधरा वर्षं झाली, विसरत नाही.

ती म्हणाली, "गुरुजी, जेवाया बसा की मंग. पर उद्याच्याला या. आज उकाडतंय, राती वढ्यात ठिवायचं, मंग त्वांडात घालण्याजोगं व्हतंय."

सिस्टरनी मडक्यावरचं झाकण काढलं. आत कडुकंदाच्या चकत्या होत्या. राख घातलेलं काळं पाणी.

इथल्या लोकांना सांगायला नको, पुण्याच्या पाहुण्यांसाठी सांगतो. कणगीतलं भात संपलं, नाचणी संपली, की माणूस रानात कंद उकरायला जातो. हा कंद विखारी कडू. तसाच खाल्ला तर जीभ जळते, पोट जळतं. राख घालून उकडायचा, पाणी फेकायचं, पुन्हा उकडायचा. दिवस दिवस चूल विझू द्यायची नाही. म्हणून त्या घरातून सकाळी धूर, दुपारी धूर, शाळा सुटताना धूर. ज्या घरात दाणे असतात तिथं चूल तासाभरात विझते, मंडळी. मी ज्या धुराला भरलं घर म्हणत होतो, ती भूक होती. आणि मी तिला चाल लावली होती.

सिस्टरनी मडक्यावर झाकण परत ठेवलं. खाली उतरून आलो. वर्गात बसल्या, पाय पुसले, आणि माझी ती सुवाच्य यादी माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, जी मुलं शाळेत येतात त्यांच्या घरात निदान एक माणूस कामावरून सुटू शकतं. ज्यांना तेही जमत नाही, ती घरं कुठल्या पटावर असतात?"

त्यांनी मला धडा दिला. माझ्याच वर्गात.

त्या दिवसापासून त्यांची रीत ठरली. यादी कागदावरून करायची नाही. उन्हाळ्यातही करायची नाही, कारण उन्हाळ्यात सगळ्यांच्याच कणगीत चार दाणे असतात. यादी श्रावणात करायची, पायी, वाडीच्या टोकाच्या घरापासून सुरू करून. आणि बरोबर घ्यायचं ते कोणाला? गुरुजींना नाही, सरपंचांना नाही. ठमाबाईला.

ठमाबाईला अक्षर येत नाही. पण ती दारात उभी राहिली की तिला कळतं. मडक्यावरचं झाकण उचलावं लागत नाही. "हितं हाय," म्हणाली की लिहायचं. "हितं न्हाई, ही बया नुसती रडती," म्हणाली की पुढं जायचं. मढ गावाकडच्या वाड्या या दोघींनी अशाच पालथ्या घातल्या. वाटेत भाकर खायच्या आधी सिस्टर डोळे मिटून प्रार्थना करायच्या. एकदा ठमाबाईनं विचारलं, "एवढं डोळं मिटून काय मागतीस गं?" सिस्टर म्हणाल्या, "तुझ्यासारखी नजर." ठमाबाई म्हणाली, "मंग डोळं उघड की आदी!"

आणि हीच ठमाबाई, स्वतःच्या शेळीची पहिली पाट द्यायची वेळ आली तेव्हा दोन दिवस घराबाहेर पडली नव्हती. पाटीला पदराखाली घेऊन बसली होती. तिसऱ्या दिवशी उठली, कुंकू लावलं, आणि जिच्याशी पाण्यावरून तीन वर्षं भांडण होतं तिच्याच दारात नेऊन बांधली. म्हणाली, "तुझ्या चुलीचा धूर मला हितनं दिसतुया."

आता पुढचं बोलणं जड आहे.

आषाढ सरत आला तेव्हा सिस्टरचा दवाखान्यातून फोन आला. आवाज अगदी बारीक. "गुरुजी, श्रावण लागला का?" मी म्हणालो, "चार दिवस आहेत." त्या म्हणाल्या, "यंदाची वाडी नदीपलीकडची. मी येते." मी म्हणालो, "या." दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्या येते म्हणाल्या, आणि मी या म्हणालो.

त्या गेल्या, आणि दोन दिवसांनी पुण्याच्या कचेरीतून फोन आला. बोलणाऱ्या ताईंचा हेतू चांगलाच होता. म्हणाल्या, "नवीन सिस्टर गणपतीनंतर येतील. तोवर काम अडायला नको. गुरुजी, नदीपलीकडच्या शाळेचा पट मागवून तुम्हीच यादी पाठवता का? तेवढंच सोयीचं."

मंडळी, मी बहात्तरीचा. गुडघे गेले. बाहेर पाऊस. आणि मी "बरं" म्हणालो. खरं सांगतो, म्हणालो. तिकडच्या गुरुजींना फोन लावायला चष्मा शोधत होतो. ठमाबाई दूध घेऊन आली होती, ती उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. तांब्या खाली ठेवून म्हणाली, "काय वो गुरुजी, परत पटावरनं? ती बाई मेली, आन तुमी व्हता तितंच!"

एवढंच बोलली. तांब्या न घेताच गेली.

रात्रभर मला आमची ती खिडकी दिसत होती. सकाळी मी कचेरीत फोन केला. सांगितलं, यादी पटावरून मिळणार नाही. यादी श्रावण संपायच्या आत मिळेल, पण पायी मिळेल. पुण्याच्या सिस्टर मंडळींनो, तुम्ही होकार दिलात, तुमचे उपकार आहेत.

तर उद्या सकाळी आठ वाजता शाळेच्या पायरीवर जमायचं. ठमाबाई पुढं चालेल. ती सांगेल, मी लिहीन. नदीपलीकडचं टोकाचं घर आधी. मला चढ जमेल का? माहीत नाही. नाही जमला तर मला खालच्या दगडावर बसवा, वरून ओरडून नावं सांगा. माझं अक्षर अजून चांगलं आहे.

सिस्टर, तुम्ही त्या कवितेला छान म्हणालात. त्या चांगुलपणाचा मला इतकी वर्षं राग होता, आज तोही उरला नाही. ती कविता मी पुन्हा कोणाला शिकवली नाही. पण धुराकडं बघणं मात्र सोडलं नाही.

आता दोन मिनिटं उभे राहू. शेठ, त्या आजींना हात द्या. दारं सताड उघडी ठेवा, पाऊस आला तरी येऊ द्या. शोकसभेत डोळे मिटायची रीत आहे, पण आज कोणी डोळे मिटू नका. समोर नदीपलीकडची वाडी दिसतेय. बाराचा सुमार झालाय, भाकऱ्या होऊन आतापावेतो चुली विझायला हव्यात.

कुठं कुठं अजून धूर आहे, तेवढं बघा. आणि घर लक्षात ठेवा.