टेनिसच्या सरांना ताप हवा होता

या मंडळी, टाळ मांडीवर ठेवा आणि असे जवळ सरका. आज सकाळी कसबा पेठेतल्या दवाखान्यात ऐकलेली कथा सांगतो. शेजारच्या बाकावर टेनिस शिकवणारे हिंमतराव आणि त्यांची बायको नंबरची वाट पाहत बसले होते.

“मला ताप आहे.”

“थर्मामीटरला तसं वाटत नाही.”

“डॉक्टर लिहून देतील. संध्याकाळचं व्याख्यान रद्द करायचंय.”

“विषय काय होता हो? ‘खेळा आणि मन मोकळं ठेवा’ ना?”

“टोमणे नकोत.”

“रविवारी सत्तरीच्या आजोबांकडून हरलात आणि रॅकेट आपटून मोडलीत. मन मोकळंच केलंत की!”

“मुलांनी पाहिलं गं. आता कुठल्या तोंडानं बोलू?”

“आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?”

“क्लास ओस पडेल.”

“तुमच्या क्लासमधल्या त्या बारा वर्षांच्या अपेक्षाचा फोन आला होता.”

“क्लास सोडतेय?”

“विचारत होती, सर रडले का? हरल्यावर रडून घ्यावं, बरं वाटतं, असं तुम्हीच शिकवलंत म्हणे.”

“तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, रडले नाहीत, फुगून बसलेत. तर म्हणाली, मी पहिल्या रांगेत बसते, सरांना धीर येईल.”

“रुमाल दे जरा.”

“घ्या. नाकही पुसा.”

तेवढ्यात दारातून कंपाउंडरनं पुकारलं, “नऊ नंबर, आत या!”

हिंमतराव उठले. “अहो, नऊ नंबर बरा झाला. दहाला पाठवा.”

मंडळी, हिंमतरावांना सांभाळायला बायको आहे. तुम्ही आज विठ्ठलापुढे हात जोडाल, तेव्हा त्या अपेक्षाची आठवण ठेवा आणि कुणी हरलेला दिसला, तर तिच्यासारखे त्याच्यासमोर पहिल्या रांगेत जाऊन बसा.