कारवीच्या सड्यावरची फेरी

मंडळी, ऐका! आज एक साधा प्रश्न विचारतो. जी वस्तू आपली नाही, चार दिवसांसाठी हाती आलीय, तिचा हिशोब कसा ठेवायचा? सोयीचा, की खरा? — थांबा, थांबा! लगेच 'खरा' म्हणू नका! देवळात बसून सगळेच खरं बोलतात. घरी जाऊन कराचा कागद पुढ्यात घ्या, मग बघू! ते खांबाला टेकलेले काका बघा, कर म्हटल्याबरोबर जागे झाले!

तर घाटमाथ्यावर एक मधवाला होता, कोंडीराम ढेबे. मधमाश्यांच्या दीडशे पेट्या. फुलोरा जिथं, पेट्या तिथं! पण डोंगरावरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर, साधी गाडी चढते का हो? नाही चढत! म्हणून त्यानं चारी चाकांनी ओढणारी मालगाडी घेतली. विकत? छे! तीन वर्षांच्या भाडेकरारानं, धंद्याच्या नावावर. त्याचे करसल्लागार पोरेसाहेब. ते म्हणाले, "ढेबे, भाडं धंद्याच्या खर्चात दाखवू. भाड्यावर भरलेला जीएसटीही वळता करून घेऊ. अट एकच, गाडी धंद्यासाठीच चालली पाहिजे. घरच्या कामाला जेवढी चालेल, तेवढा भाग वजा! म्हणून वही ठेवा. तारीख, कुठून कुठं, किती किलोमीटर, कशासाठी."

कोंडीरामनं वही ठेवली. आणि गंमत बघा — त्या वहीला एक श्रोता मिळाला! त्याची बायको, हौसाबाई. तिचे डोळे जात चालले होते. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, वर्षभरात अंधार. तिन्हीसांजेला ती उंबऱ्याशी बसायची नि म्हणायची, "अवं, वही वाचा की." हा वाचायचा — वाघजाईची खिंड, पेट्या ठेवल्या. जांभळीचा माळ, मध काढला. ती डोळे मिटून ऐकायची. खिंड म्हटली की तिला खिंडीतला वारा लागायचा! आपण पोथी ऐकतो ना, तशी ती गाडीची वही ऐकायची.

त्या वर्षी कारवी फुलली. मंडळी, कारवी सात वर्षांतून एकदा फुलते! हौसाबाई म्हणाली, "पुढच्या येळंला मला दिसायची न्हाई वो."

बस्स! दुसऱ्या दिवशी भर दुपारी कोंडीरामनं तिला गाडीत बसवलं. मागचा हौदा रिकामा. पेट्या होत्या पार पलीकडच्या डोंगरावर, त्या दिवशी तिकडं तो फिरकलाही नाही. गाडी हळूहळू चढली. मृदंगबुवा, जरा हलक्या हातानं... अशी चढली! वर आले तर काय? धुकं! सगळा सडा पांढरा, आपलाच हात आपल्याला दिसेना. हौसाबाईनं पदरानं डोळे पुसून पाहिलं. इथवर येऊन हे असं? आणि मग धुकं उठलं. निळं! जांभळं! जिथवर नजर जाईल तिथवर कारवी, आणि त्या निळाईत लाखो रानमाश्यांचा गुंजारव. जणू डोंगरच जप करतोय! तिनं फुलं ओंजळीत घेऊन डोळ्यांशी धरली. ढग अंगावरून जात होते, आणि दोघं म्हातारी माणसं त्यात उभी होती. खाली आहोत की वर, जागे आहोत की स्वप्नात, काही कळेना!

घरी आल्यावर कोंडीरामनं तारीख लिहिली, किलोमीटर लिहिले. 'कशासाठी' या रकान्यात मात्र पेन थांबलं. ओळ कोरी राहिली.

वर्ष सरलं. हौसाबाईपुढं अंधार आला. आणि कर खात्याचं पत्रही आलं — वही घेऊन या! पोरेसाहेबांनी पानं चाळली. "ढेबे, ही ओळ कोरी का? लिहा, पेट्या हलवल्या. एक खासगी फेरी दिसली की बाकीच्यांवरही शंका घेतात. तीन वर्षांची सवलत धोक्यात घालाल!"

कोंडीराम हसला. "साहेब, भर दुपारी पेट्या हलवत न्हाईत. दिवसा माश्या बाहेर असत्यात. पेटी हलली तर त्या माघारी येत्यात, जुन्या जागी घिरट्या घालत्यात आन् मरत्यात. घर गावत न्हाई त्यास्नी."

बोलता बोलता तो थांबला. डोळ्यांपुढं आली हौसाबाई, उंबऱ्याशी बसलेली. ती रोज विचारायची, "त्या दिसाचं वाचा की." आणि हा रोज म्हणायचा, "अजून लिवलं न्हाई गं." आता 'पेट्या हलवल्या' असं वाचलं, तर ती आंधळी बाई कुठल्या सड्यावर जाईल हो? तो दिवस जागेवरून हलवला, तर तिचं मन माघारी कुठं येईल?

त्यानं पेन घेतलं. लिहिलं — 'खासगी. हौसाला कारवी दाखवली.'

कार्यालयात अधिकारी बाईंनी वही वाचली. त्या ओळीवर बोट थांबलं. बाईंनी मागची-पुढची पानं उलटून पाहिली! कोंडीरामचा जीव टांगणीला. मग त्या म्हणाल्या, "या फेरीपुरतं वजा करते. स्वतःविरुद्ध लिहिणाऱ्याची बाकीची वही मी खोटी कशी म्हणू?"

संध्याकाळी उंबऱ्याशी त्यानं ती ओळ वाचली. हौसाबाईनं ओंजळ केली, डोळ्यांशी धरली. म्हणाली, "धुकं उठलं बगा."

मंडळी, हा देहसुद्धा भाड्याचाच आहे! करार किती वर्षांचा, ते मालकानं सांगितलेलं नाही. आपण सगळ्या फेऱ्या लिहितो — कामासाठी, कामासाठी, कामासाठी! एक दिवस मालक वही मागेल. तो काय बघेल? तुम्ही किती धावलात ते? नाही हो! तो विचारेल, कुणाला कधी कारवी दाखवलीस का रे?

आता टाळ हाती घ्या, मालकाचं नाव घ्या. आणि घरी गेलात की दिवा लावायच्या आधी तेवढी कोरी ओळ भरा. खरी भरा!