झिऱ्याचं पाणी

पाण्याचा विषय काढलाच तं सांगतो. गटाराचं पाणी साफ करायचं मशीन आमच्या नदीवर बसलं, तवा उद्घाटनाले आलेले मोठे साहेब भाषणात म्हणालते, "आता नदीचं पाणी बिनधास्त प्या!" आमची म्हतारी खूश. रेतीत झिरा उकरून वरीसभर तिनं तेच पाणी भरलं.

परवा साहेब पुन्हा आले, म्हून मी झिऱ्याचा तांब्या भरून नेला. "घ्या साहेब, तुमच्याच मशीनचं आहे."

"नको बाबा, मला सर्दी झालीय."

साहेबासंग आलेल्या मशीनच्या इंजिनिअरनं मले बाजूले ओढलं. "फेका ते! मशीन सुरूच कुठं झालं? गटार सरळ नदीत जाऊन राह्यलं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी खरंच पेसान, हे कोनाले माहीत?"

घरी म्हतारीनं विचारलं, "पेले का साहेब?"

"सर्दी होती त्याईले," म्हटलं, अन् माठ अंगणात उपडा केला.